आठ-नऊ महिन्यांचं खत मराठवाड्याच्या उन्हात किती टिकतं?

केज तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या बचत गटाची रोपवाटिका आहे, कडुलिंब, करंज, चिंच आणि सीताफळ मिळून वीसेक हजार रोपं, सगळी पाच बाय आठ इंचांच्या काळ्या पिशव्यांत. आतापर्यंत चिमटीने युरिया द्यायचे आणि दर वर्षी काही रोपं जळायची. आता दुकानदाराने "एकदा मातीत मिसळा, आठ-नऊ महिने बघायला नको" असं सांगून आवरण असलेलं दाणेदार खत दिलंय. ते वापरावं का, पिशवीला किती टाकावं, आणि गेल्या पावसाळ्यात केलेली काही रोपं एप्रिलपासून पिवळी पडली आहेत, त्यांनाही हेच वरून टाकलं तर चालेल का, असं त्या विचारतात.

आधी थोडक्यात सांगतो. नव्याने भरायच्या पिशव्यांत हे खत वापरायला हरकत नाही, पण चारही झाडांना एकाच मापाने नको. आणि पिवळ्या रोपांना आत्ता, मे महिन्यात, ते वरून अजिबात टाकू नका. याची कारणं नीट लिहितो, कारण तुमचं पाणी, तुमची माती मी पाहिलेली नाही. कारण समजलं तर माप तुमचं तुम्हाला बसवता येईल.

ताई, कुठलं खत हा इथे दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की रोप तुमच्याकडे किती महिने राहणार, त्यातले कडक उन्हाचे किती, आणि ते जमिनीत कधी जाणार. मी आधी लागवडीची तारीख धरतो आणि तिथून मागे मोजत येतो. खताचा निर्णय त्या मोजणीतून निघतो, पिशवीवर छापलेल्या महिन्यांवरून नाही.

हे खत आहे तरी काय, ते बघू. दाण्याच्या आत साधंच पाण्यात विरघळणारं खत असतं, नत्र, स्फुरद, पालाश आणि काही प्रकारांत सूक्ष्म अन्नद्रव्यंही. त्यावर रेझिनचं पातळ आवरण असतं. मातीतली ओल आवरणातून आत शिरते, खत आतल्या आत विरघळतं आणि ते द्रावण थोडं थोडं बाहेर पाझरत राहतं. माती ओलसर असली की झालं, पाणी जास्त दिलं म्हणून ते जास्त सुटत नाही, आणि मातीतल्या जिवाणूंवरही फारसं अवलंबून नसतं. सगळी सूत्रं तापमानाच्या हातात असतात.

नीमकोटेड युरिया म्हणजे हे खत नव्हे, यात बऱ्याच जणांची गल्लत होते. २०१५ पासून आपल्याकडे युरिया नीमकोटेडच मिळतो. निंबोळी तेलामुळे अमोनियमचं नायट्रेट होणं लांबतं एवढंच, बाकी तो पाणी लागताच विरघळतो आणि कोवळ्या मुळांना पूर्वीसारखाच भाजतो. २०२३ साली आलेला गंधकाच्या आवरणाचा युरिया, 'युरिया गोल्ड' (३७ टक्के नत्र, १७ टक्के गंधक), शेतातल्या पिकांच्या हिशोबाने आहे. पाऊण-एक लिटरच्या पिशवीत त्याच्या भरवशावर राहू नये.

आता तापमान. 'आठ-नऊ महिने' हा आकडा साधारण २१ अंश सेल्सिअसचा असतो, पाकिटावर बारीक अक्षरात ते लिहिलेलंही असतं. उत्पादकांचे तक्ते बघितले तर तापमान पाच अंशांनी वाढलं की मुदत ढोबळमानाने पाव हिश्शाने घटते. म्हणजे २६ अंशांना आठ-नऊचे साडेसहा होतात आणि ३१ अंशांना पाचच्या आसपास येतात. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये सावलीतलाच पारा ४० च्या पुढे जातो. काळ्या पिशवीची उन्हाकडची बाजू त्याहून तापते. खात्री करायची असेल तर दुपारी तीन वाजता साधा थर्मामीटर पश्चिमेकडच्या कडेच्या पिशवीत चार बोटं खोल खुपसा, मग वाफ्याच्या मधल्या पिशवीत खुपसा. दोन्ही आकड्यांत मोठा फरक दिसेल. कडेची रोपं आधी का करपतात हे तिथेच कळतं. कडेने मातीची ताल घातली किंवा ओली गोणपाटं उभी केली तर तो फरक बराच कमी होतो, आणि त्याला खर्च जवळपास नाहीच.

तेव्हा हे खत आपल्याकडे हिवाळ्यात छापल्याप्रमाणे वागतं, फेब्रुवारीनंतर घाई करू लागतं आणि एप्रिल-मे मध्ये उरलंसुरलं भराभर ओतून मोकळं होतं. मला या खताबद्दल जी काळजी वाटते ती नेमकी इथेच. पावसाळ्यात लागवडीला जाणारं रोप मे महिन्यात कणखर व्हायला हवं. शेडनेट काढायचं, पाण्याच्या पाळ्या लांबवायच्या, पिशव्या हलवून जमिनीत घुसलेली मुळं तोडायची, नत्र बंद करायचं. युरिया द्यायचा थांबवला की थांबतो. पिशवीत मिसळलेलं आवरणाचं खत परत काढून घेता येत नाही. त्याच महिन्यात ते जोरात सुटलं तर रोप उंच, लुसलुशीत आणि हिरवंगार होतं. गाडीत चढवताना सगळ्यांना आवडतं आणि गायरानावर जुलै-ऑगस्टचा पहिला खंड पडला की मान टाकतं. वर पानांचा भार आणि खाली मुळं तोकडी, मग दुसरं काय होणार? बीड, धाराशिव, लातूरच्या माळावर पंधरा-वीस दिवसांची उघडीप ही नेहमीची गोष्ट आहे. आपलं रोप त्या उघडिपीसाठीच घडवायचं असतं.

म्हणून मी उंचीवर रोप पास करत नाही. बुंध्याची जाडी मातीलगत मिलिमीटरमध्ये मोजायची आणि सेंटिमीटरमधल्या उंचीला तिने भागायचं. उत्तर सहाच्या आत असावं. पंचेचाळीस सेंटिमीटर उंच रोपाचा बुंधा साडेसात मिलिमीटर तरी हवा. तेवढ्याच उंचीला चार-पाच मिलिमीटरचा बुंधा असेल तर ते रोप ओढून वाढवलेलं आहे. साधी प्लास्टिकची व्हर्नियर पट्टी स्वस्तात मिळते. प्रत्येक वाफ्यातली दहा-बारा रोपं मोजली तरी अंदाज येतो.

तुमच्या चार झाडांचा मुक्काम सारखा नाही. कडुलिंबाचं बी जून-जुलैत पिकतं आणि काही आठवड्यांत त्याची उगवण झपाट्याने घटते, म्हणून ते लगेच पेरावं लागतं. ते रोप पुढच्या पावसाळ्यापर्यंत, म्हणजे अकरा-बारा महिने तुमच्याकडे असतं. त्याला आठ-नऊ महिन्यांचं खत, हात आखडून, शोभतं. जुलैत मिसळलं तर मार्च-एप्रिलपर्यंत ते बहुतेक संपतं आणि मे महिना कणखर करायला मोकळा राहतो. चिंच आणि करंज तुम्ही फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरून त्याच पावसाळ्यात देत असाल तर मुक्काम चार-पाच महिन्यांचा, आणि तोही सगळा उन्हाळ्याचा. तिथे आठ-नऊचं खत टाकलंत तर मे-जूनमध्ये ते ऐन भरात असेल. त्या दोघांना तीन-चार महिन्यांचा प्रकार मिळाला तर बघा. नाही मिळाला तर निंबोळी पेंड आणि चांगलं कुजलेलं शेणखत यांवर चिंच उत्तम येते.

करंजाचं आणखी एक आहे. त्याच्या मुळांवर गाठी येतात आणि हवेतलं नत्र ते स्वतः मिळवतं. बाहेरून नत्र भरपूर मिळालं की गाठी धरणं कमी होतं. जुन्या करंजाखालची घमेलंभर माती मिश्रणात मिसळा किंवा रायझोबियमचं, म्हणजे या गाठी धरवणाऱ्या जिवाणूंचं, कल्चर बियाण्याला चोळा. दोन महिन्यांनी एखादं रोप उपटून गाठ नखाने फोडून बघा, आत लालसर-गुलाबी दिसली तर काम चालू आहे. अशा करंजाला आवरणाचं खत दिलंच तर कडुलिंबाच्या निम्मं पुरे.

सीताफळाचं बी कडक, उगवायला महिना-दीड महिना सहज घेतं. थेट पिशवीत पेरलं तर एवढे दिवस तुम्ही झारीने पाणी घालत राहता, खत सुटत राहतं आणि घ्यायला मूळच नसतं. सगळं तळच्या भोकांतून जातं. सीताफळ गादीवाफ्यावर उगवून घ्या आणि चार पानांवर आलं की पिशवीत लावा. खत त्या वेळी भरलेल्या मातीतच मिसळा.

आता माप. पाच बाय आठच्या पिशवीत भरल्यावर साधारण ८०० ते ८५० मिलिलिटर माती बसते. परदेशी शिफारशींत घनमीटर मिश्रणाला तीन ते सहा किलो असे आकडे दिसतात. ते थंड हवेचे आणि निव्वळ पीट किंवा कोकोपीटचे (नारळाच्या काथ्याच्या भुशाचे). शेणखत आणि पोयट्याच्या आपल्या मिश्रणाला मी दोन ते तीन किलोंच्या वर जात नाही. म्हणजे पिशवीला पावणेदोन ते अडीच ग्रॅम. चमच्याचं माप हवं असेल तर सोनाराच्या किंवा किराणा दुकानातल्या बारीक काट्यावर एकदा शंभर ग्रॅम तोलून त्यात किती सपाट चमचे भरतात ते मोजून ठेवा, अंदाजाने टाकू नका.

एवढ्याशा खताने काय होणार असं वाटेल, म्हणून हिशोब दाखवतो. तुमच्या पाकिटावर १८-६-१२ असेल तर अडीच ग्रॅममध्ये ०.४५ ग्रॅम नत्र आहे. एक ग्रॅम युरियात ०.४६ ग्रॅम नत्र असतं. म्हणजे तुमची एक चिमूट युरिया आणि हे अडीच ग्रॅम, नत्र जवळपास तेवढंच. फरक इतकाच की युरियातलं सगळं नत्र दोन-चार दिवसांत सुटतं. आपल्या चुनखडीच्या मातीत त्यातला बराचसा अमोनिया होऊन उडतो, उडता उडता मुळंही भाजतो, आणि उरलेलं पुढच्या पाण्याबरोबर वाहून जातं. तुमची रोपं जळत होती ती यानेच. आवरणाच्या खताचा खरा फायदा हा आहे, ते रोप जास्त वाढवतं म्हणून नाही.

मिसळताना काही गोष्टी सांभाळा. मिश्रण आधी तयार करा, चाळा, ऊन द्यायचं असेल तर तेही उरका. खत सगळ्यात शेवटी, पिशव्या भरायच्या दिवशीच घाला. खत घातलेला ढीग ओला करून आठवडाभर ताडपत्रीखाली ठेवला तर सुटणं तिथेच सुरू होतं आणि पहिल्या कोंबाला खारट माती मिळते. फावड्याने दणादण कालवू नका, दाण्याचं आवरण फुटलं की ते साधं खत झालं. पाच-सहा घमेल्यांचा छोटा ढीग घ्या, तेवढ्यापुरतं तोललेलं खत पसरा, हाताने उलटापालट करा. मोठ्या ढिगात एका पिशवीला पंधरा दाणे जातात आणि दुसरीला दीडशे, मग एकाच वाफ्यात एक रोप गुडघ्याएवढं, एक वीतभर. आणि पिशवीच्या मधोमध चमचाभर खत ओतून वर बी टोकू नका, पहिलं मूळ सरळ त्याच ढिगात उतरतं.

मिश्रणात ओल्या शेणाचा वापर नको, हुमणी येते. साखर कारखान्याची मळी (प्रेसमड) वापरत असाल तर ती पूर्ण कुजलेली असू द्या आणि प्रमाण कमी ठेवा, आपली माती-पाणी आधीच विम्ल, म्हणजे अल्कधर्मी आहे.

आता पिवळ्या रोपांकडे येऊ. पिवळेपणा म्हणजे खत कमी, हे समीकरण मराठवाड्यात बहुतेक वेळा चुकतं. रोप हातात घेऊन आधी कुठली पानं पिवळी आहेत ते बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी आणि शेंडा हिरवा असेल तर नत्र कमी आहे. उलट शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या राहिल्या असतील तर लोह मिळत नाहीये. मातीत लोह असतं, पण चुनखडी आणि बोअरच्या जड पाण्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या असतील तर क्षार साचलेत. एप्रिलपासून पिवळी म्हणालात, म्हणजे विहीर आटल्यावर बोअरचं पाणी सुरू केलंत का, ते आठवून बघा. पिशवीच्या मातीवर आणि पानांवर पांढरी पूड दिसत असेल तर मला दुसरा पुरावा नको.

लोहाची कमतरता असेल तर लिटरला पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एक ग्रॅम सायट्रिक ॲसिड, ताजं द्रावण, उतरत्या उन्हात फवारा. आधी वीस-पंचवीस रोपांवर करून बघा, पानं भाजली नाहीत तर बाकीच्यांवर करा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. मातीतून द्यायचं तर ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह घ्या. दुकानात स्वस्तात मिळणारं ईडीटीए आपल्या विम्ल मातीत टिकत नाही. क्षार साचले असतील तर खत बंद, आणि शेततळ्याचं किंवा साठवलेलं गोडं पाणी मिळेल तेव्हा पिशवीतून खाली वाहून जाईल इतकं दोनदा द्या. रोज शिंपडल्यासारखं थोडं थोडं पाणी दिलं तर क्षार वरच्या थरात साचतच जातात.

दहा-अकरा महिन्यांच्या कडुलिंबाच्या बाबतीत आणखी एक करा. एक पिशवी ब्लेडने उभी चिरा. मुळं तळाशी गोल गोल फिरलेली दिसली, किंवा तळातून जमिनीत उतरलेली आणि पिशव्या हलवताना तुटलेली असली, तर रोप खतावाचून अडलेलं नाही, त्याला जागा पुरत नाही. त्यांना लिटरला तीन ग्रॅम १९:१९:१९ या विरघळणाऱ्या खताची फवारणी करून पावसापर्यंत सांभाळा. लागवड पुढच्या वर्षावर जाणार असेल तर तळाची फिरलेली मुळं छाटून मोठ्या पिशवीत बदला.

पिशवीत खत उरलंय की संपलंय हे कसं ओळखायचं, हेही सांगून ठेवतो, कारण रंगीत दाणे मातीत दिसतात म्हणून अनेक जण निर्धास्त राहतात. खत संपलं तरी आवरण तसंच राहतं. बोटभर माती उकरा, पाच-सहा दाणे वेचा आणि अंगठ्याच्या नखाखाली दाबा. नवा दाणा टणक लागतो. काम चालू असलेला दाणा चपटा होतो आणि पचकन् दाट पाणी बाहेर येतं, कधी मध्ये खताचा पांढरा कणही दिसतो. संपलेल्या दाण्यातून नुसतं पातळ पाणी येतं किंवा तो टरफलासारखा दबतो. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हे करून बघा, पुढचे दोन महिने कसे जातील ते कळेल.

पेनासारखा ईसी मीटर, म्हणजे पाण्यातले क्षार मोजणारा मीटर, घेता आला तर गटाने एक घ्याच. रोपाला नीट पाणी देऊन अर्ध्या तासाने पिशवी ताटलीत उभी करा, वरून पेलाभर पाणी ओता, ताटलीत उतरलेल्या पाण्याचा ईसी मोजा आणि त्यातून तुमच्या मूळ पाण्याचा ईसी वजा करा. उरलेला आकडा (मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) अर्ध्याच्या खाली असेल तर रोप भुकेलं आहे. दीडच्या वर गेला तर खत थांबवून पाणी वाहून जाऊ द्यायची वेळ आली. मूळ पाण्याचाच ईसी दोनच्या पुढे असेल, तर कुठलंही खत घेण्याआधी पाण्याची सोय बघा.

खर्चाचं म्हणाल, तर अडीच ग्रॅमने एका किलोत चारशे पिशव्या होतात. तुम्ही दिलेल्या भावाला चारशेने भागा आणि रोपाच्या विक्रीच्या भावाशी ताडून बघा. रूट ट्रेनर (मुळं सरळ वाढवणारे खाचांचे साचे) आणि कोकोपीटवर काम करणाऱ्यांना हे खत नक्की परवडतं, कारण कोकोपीटमध्ये रोपाच्या खाण्यासारखं फार काही नसतं आणि दर पाण्याला विरघळतं खत धुऊन जातं. तुमच्यासारख्या शेणखत-मातीच्या पिशवीत फायदा तितका उठून दिसेलच असं नाही. म्हणून वीस हजार पिशव्यांत एकदम टाकू नका. कडुलिंबाच्या एका वाफ्यात शंभर पिशव्या खताच्या, शंभर नुसत्या निंबोळी पेंडीच्या, शेजारी शेजारी ठेवा, आणि पुढच्या जूनमध्ये बुंधे मोजा.

पाऊस लांबला तर काय, हा प्रश्न उरतो. लागवड जुलै संपेपर्यंत अडकली आणि खत मे मध्येच संपलं, असं आपल्याकडे होणारच. तेव्हा वरून आवरणाचं खत टाकायच्या भानगडीत पडू नका. १९:१९:१९ ची हलकी फवारणी पंधरा दिवसांनी एकदा पुरते आणि पाऊस आला की थांबवताही येते. लागवडीच्या खड्ड्यातही हे खत मुळांलगत टाकू नका. पाऊस चांगला झाला तर ठीक, पण खंड पडला तर कोरड्या मातीत तेच क्षार मुळांचं पाणी ओढतात.

दुकानातून घेताना सुटं, पुडीत बांधून दिलेलं घेऊ नका. मूळ पाकिटावर घटकांचं प्रमाण, महिने आणि तापमान लिहिलेलं असतं, ते बघून घ्या आणि पावती घ्या. तुमच्या पाकिटाचा तो भाग, पिवळ्या रोपाचं एक शेंड्याचं आणि एक खालचं पान, आणि बोअरच्या पाण्याचा ईसी-पीएच एवढं कळवलंत तर कडुलिंबाचं आणि चिंचेचं माप नेमकं करून सांगतो. सीताफळाचा गादीवाफा तोवर करून ठेवायला हरकत नाही.